कुणाकडचे तुम्ही? मेलबर्नच्या ग्रीनरूमच्या दारावरचं एक प्रकरण

२ डिसेंबर २०१५, बुधवारची रात्र. मेलबर्नच्या रसेल स्ट्रीटवर '१७० रसेल' नावाचं, हजारेक माणसं मावतील असं एक सभागृह आहे. तिथे पेकिंग डक या जोडीचा कार्यक्रम होता. ॲडम हाइड आणि रूबेन स्टाइल्स हे दोघे मूळ कॅनबेराचे, इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे. आदल्या वर्षी त्यांचं 'हाय' हे गाणं ऑस्ट्रेलियाभर गाजलं होतं. गर्दीतल्या एका तरुण चाहत्याला या दोघांना भेटायचं होतं. त्याच्याकडे पास नव्हता आणि आत ओळखीचं कुणी नव्हतं. त्याने फोन काढला, विकिपीडियावरचं पेकिंग डकचं पान उघडलं आणि त्यात कुटुंबीय म्हणून स्वतःचं नाव घालून टाकलं. मग तो रंगमंचामागे जाणाऱ्या दारापाशी गेला, 'मी घरचा आहे' असं सुरक्षारक्षकाला सांगितलं, पान दाखवलं आणि त्या नावाशी जुळणारं आपलं ओळखपत्रही पुढे केलं. रक्षकाने त्याला आत सोडलं.

ग्रीनरूममध्ये पोचल्यावर आपण काय केलं ते त्याने सरळ सांगून टाकलं. ते दोघे चिडले नाहीत. त्याला बसवून घेतलं, त्याच्याबरोबर बिअर प्यायले, आणि नंतर जाहीरपणे त्याच्या डोक्याचं कौतुकही केलं. काही दिवसांत ही गोष्ट जगभर छापून आली.

मी पुण्यात संगीत महोत्सवांमध्ये आतल्या दाराचं काम बघते. मांडवाच्या मागच्या बाजूला, जिथून कलाकार आणि साथीदार आत येतात, तिथे टेबल टाकून बसायचं, कोण आत जाईल आणि कोण थांबेल ते ठरवायचं. ही बातमी आली तेव्हा मी या कामात नवखी होते. आमच्या स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप गटावर ती कुणीतरी गंमत म्हणून टाकली होती. जो तो त्या मुलाच्या हुशारीबद्दल बोलत होता. दारावरचा माणूस गोष्टीत होता तो फक्त फसण्यापुरता. माझ्या मनात मात्र तोच राहिला. त्याला जो निर्णय घ्यावा लागला तो मी पुढे कितीतरी संध्याकाळी घेतला, आणि त्यातला एक आजही मला टोचतो. म्हणून हे प्रकरण मी त्याच्या जागेवर उभं राहून मांडते आहे.

त्याला काय माहीत असणार?

मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथे अशा दारावर उभं राहायचं तर २००४ च्या खासगी सुरक्षा कायद्याखाली परवाना काढावा लागतो. गर्दी सांभाळणाऱ्यांसाठी त्यात वेगळा वर्गच आहे. पण परवान्यासाठी जे शिकावं लागतं ते भांडण सोडवण्याचं, दारू चढलेल्याला धक्काबुक्की न करता बाहेर नेण्याचं, आणीबाणीत दारं उघडण्याचं. आज रात्री जे गाणार आहेत त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे दारावरच्या माणसाला कुणीतरी त्याच दिवशी सांगावं लागतं.

ते सहसा कुणी सांगत नाही. दारावरचा रक्षक बहुतेक वेळा सभागृहाचा असतो, नाहीतर सभागृहाने नेमलेल्या कंत्राटदाराचा. बँड आपली माणसं घेऊन येतो: टूर मॅनेजर, ध्वनीवाले, प्रकाशवाले, वाद्यं लावणारे. दुपारी सामान उतरतं, संध्याकाळी साउंड चेक, रात्री कार्यक्रम, मध्यरात्री सामान परत गाडीत. या दोन गोटांची एकमेकांशी ओळख जेमतेम दहा-बारा तासांची. रक्षकाला बँडमधल्या गायकाचा चेहरा ठाऊक असेल, पण त्याच्या भावाचा चेहरा ठाऊक असायचं कारण नाही.

लग्नात न बोलावता जेवून जाणारा माणूस कसा जमवतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मुलीकडच्यांना वाटतं हा मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा. विचारायला दोघांनाही संकोच, कारण चुकून खरा मामा निघाला तर वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागेल. मेलबर्नच्या दारात तीच फट होती. सभागृहाचा माणूस दारावर, बँडचे नातेवाईक बँडच्या हिशेबात, आणि मधल्या मोकळ्या जागेत तो मुलगा उभा.

त्याने निवडलेला शब्दही बघण्यासारखा आहे. 'पत्रकार आहे' म्हणाला असता तर पास मागितला असता. 'ध्वनीवाल्यांबरोबर आहे' म्हणाला असता तर कामगारांच्या यादीत नाव शोधलं असतं. 'घरचा आहे' म्हटलं की यादीचा आधार सुटतो. घरची माणसं अचानक येतात, यादीत नाव घालायला विसरतात, आणि त्यांना अडवलं तर ज्याचा कार्यक्रम आहे तोच दुखावतो. रक्षकाच्या मनात त्या क्षणी दोन भीती असणार: चुकीच्या माणसाला सोडण्याची आणि खऱ्या भावाला ताटकळत ठेवण्याची. दुसरीची ओरड ताबडतोब होते आणि ती वरिष्ठांच्या तोंडून होते. पहिली बहुतेक वेळा उघडकीलाच येत नाही.

एकाच खिशातले दोन पुरावे

रक्षकाने काहीच तपासलं नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याच्यासमोर दोन गोष्टी आल्या. पान म्हणत होतं की अमुक नावाचा माणूस या घरातला. ओळखपत्र म्हणत होतं की समोर उभा आहे तोच अमुक नावाचा माणूस. दोन्ही नावं जुळली. बँकेच्या खिडकीवर, विमानतळावर, हॉटेलच्या काउंटरवर आपण रोज हेच करतो आणि त्याला तपासणी म्हणतो.

ओळखपत्र खरं होतं. त्या साखळीत कच्ची होती ती दुसरी कडी, आणि ती त्या मुलाने काही क्षणांपूर्वी स्वतःच जोडली होती. दोन पुरावे दोन ठिकाणांहून आल्यासारखे वाटत होते, पण निघाले एकाच माणसाच्या खिशातून, त्याच्याच फोनवर. हातात दुसऱ्याचा फोन आला की त्यावर दिसणारं पान आपण सार्वजनिक समजतो, जणू भिंतीवर लावलेली नोटीस. ती भिंत समोरच्याच्याच मालकीची आहे हे ध्यानात यायला वेळ लागतो, आणि दारावर तो वेळ नसतो. मागे रांग असते, आत पहिला ठोका पडलेला असतो, आवाजात बोलणंसुद्धा ऐकू येत नाही.

विकिपीडियाचं म्हणाल तर ती मुळातच अशी चालते. कुणीही यावं, बदल करावा, आणि चुकलं तर दुसऱ्याने दुरुस्त करावं. २००५ साली जॉन सीगेनथेलर या अमेरिकी पत्रकाराच्या पानावर कुणीतरी त्यांचं नाव केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडलं आणि तो मजकूर चार महिने तसाच राहिला. त्या प्रकरणानंतर इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवीन पान सुरू करायला बंदी घातली, पण आधीपासून असलेल्या पानात बदल करण्याची मुभा ठेवली. प्रत्येक बदल वेळेसकट इतिहासात नोंदला जातो, आणि त्या रात्री कुणी तो इतिहास उघडला असता तर ते नाव किती ताजं आहे ते लगेच दिसलं असतं. पण हजार माणसांच्या कार्यक्रमात दारावरच्या माणसाने विकिपीडियाचे बदल वाचत बसावं ही अपेक्षा मला पटत नाही. ते त्याचं काम नव्हे. त्याला एकच गोष्ट हवी होती: आत विचारायची सोय.

पास कसे चालतात

ज्यांनी ही दारं फक्त बाहेरून पाहिली आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते.

मोठ्या दौऱ्यांवर दोन तऱ्हेचे पास असतात. एक लॅमिनेट, म्हणजे गळ्यात अडकवायचं प्लॅस्टिकचं कार्ड. ते संपूर्ण दौऱ्याचं असतं आणि दौऱ्याबरोबर फिरणाऱ्यांनाच मिळतं. दुसरा एका दिवसाचा, सॅटिनच्या कापडाचा, कपड्यावर चिकटवायचा. त्यावर त्या दिवसाची तारीख घालतात, आणि रोज रंग किंवा आकार बदलतात, म्हणजे कालचा पास आज चालवता येत नाही. स्थानिक कामगारांचा वेगळा, पाहुण्यांचा वेगळा, कार्यक्रमानंतर भेटायला येणाऱ्यांचा वेगळा. छायाचित्रकारांचा पास बहुधा पहिल्या तीन गाण्यांपुरताच असतो, रंगमंचासमोरच्या मोकळ्या पट्टीत उभं राहून, फ्लॅश न मारता.

त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे पासांचा तक्ता. त्या रात्री चालणाऱ्या सगळ्या पासांची चित्रं एका पानावर छापतात आणि प्रत्येक दारावर लावतात, कोणता पास कुठवर जातो ते त्यावर दिसतं. रक्षकाला नावं, नाती, चेहरे यांच्याशी देणंघेणं राहत नाही. छातीवरचं कापड आणि भिंतीवरचं चित्र जुळतं का, एवढंच बघायचं. नातेवाईक असोत की आणखी कुणी, त्यांनी तिकीट खिडकीवर जायचं, टूर मॅनेजरने दिलेल्या पाहुण्यांच्या यादीत नाव दाखवायचं, तिथे ओळखपत्र द्यायचं आणि पास लावून दाराशी यायचं. ओळख पटवण्याची जागा खिडकी आहे, दार नव्हे.

हे कळलं की मेलबर्नचं प्रकरण वेगळं दिसायला लागतं. रक्षकाने मुलाचा पुरावा नीट तपासला नाही हा भाग दुय्यम आहे. मुळात दारावर पुरावा तपासायची वेळच त्याच्यावर यायला नको होती. 'घरचा आहेस ना? मग खिडकीवर जा, पास घेऊन ये' हे वाक्य त्याला कुणीतरी आधी द्यायला हवं होतं, आणि ते म्हटल्याबद्दल त्याला कुणी बोलणार नाही याची खात्रीही.

आमच्याकडे हे सगळं इतकं बांधीव नाही, आणि ते पूर्ण बांधीव व्हावं असं मलाही वाटत नाही. मैफल संपली की आत जाऊन गवयाच्या पाया पडायचं, तबलजीला दाद द्यायची, हा आपल्या ऐकण्याचाच भाग आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडलं, आणि पुण्यातली कितीतरी घरं अशी आहेत जिथे आजी, आई आणि मुलगी अशा तिन्ही पिढ्यांनी तिथे नाटकानंतर रंगपटात जाऊन नटांना भेटल्याच्या आठवणी आहेत. हे दार पुरतं बंद झालं तर आपलं काहीतरी हरवेल. पण ते कार्यक्रमानंतरचं दार. कार्यक्रमाआधीच्या तासात आत तानपुरे लागत असतात, तबल्यावर हातोडी चालू असते, गायिका कुणाशी न बोलता डोळे मिटून बसलेली असते. त्या तासाला राखणदार लागतो.

आणि कधी कधी प्रश्न याहून फार मोठा असतो. ८ डिसेंबर २००४ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या कोलंबस शहरात, अल्रोसा व्हिला या क्लबमध्ये, एक बंदूकधारी रंगमंचावर घुसला आणि त्याने गिटारवादक डाइमबॅग डॅरेलला ठार मारलं. मेलेल्या चौघांत डॅरेलबरोबर एक प्रेक्षक होता, क्लबचा एक कर्मचारी होता आणि बँडच्या सुरक्षेचा प्रमुख होता. मेलबर्नच्या त्या रात्रीनंतर सहा महिन्यांनी, १० जून २०१६ ला, फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात क्रिस्टिना ग्रिमी ही बावीस वर्षांची गायिका कार्यक्रमानंतर चाहत्यांना भेटत होती. पुढे आलेल्या एकाला मिठी मारायला तिने हात पसरले, आणि त्याने गोळ्या झाडल्या. मेलबर्नचा मुलगा निरागस होता, त्याला फक्त भेटायचं होतं. पण दार उघडताना ते कुणालाच दिसत नसतं. आत गेल्यावर तो चांगला निघाला म्हणून उघडण्याचा निर्णय बरोबर ठरत नाही, आणि वाईट निघाला असता तरी त्या रक्षकाकडे तेव्हा जी माहिती होती तीच राहिली असती.

मी अडवलेली मुलगी

आता ते टोचणारं. डिसेंबरचीच गोष्ट, एका महोत्सवाची. ज्येष्ठ गायिकेचं गाणं होतं, त्यांच्या साथीदारांची नावं माझ्याकडे होती. गाण्याला तासभर असताना पन्नाशीच्या एक बाई आल्या. हातात थर्मास, खांद्यावर शाल. "मी त्यांची मुलगी, आईला काढा द्यायचाय," म्हणाल्या. त्या संध्याकाळी 'मी त्यांची विद्यार्थिनी', 'मी त्यांचा भाचा' असं सांगणारे तिघे आधीच येऊन गेले होते आणि तिघांनाही आत कुणी ओळखत नव्हतं. मी ताईंना ओळखपत्र मागितलं. त्यांनी आधार कार्ड काढून दिलं.

त्यावर सासरचं आडनाव, मधलं नाव नवऱ्याचं. आई गात होत्या त्या माहेरच्या नावाने. तीन नावांतलं एकही जुळेना. मी म्हटलं, "ताई, थोडं थांबा, विचारून सांगते," आणि आत एका स्वयंसेवकाला पाठवलं. त्याला दुसऱ्याच कुणीतरी सतरंज्या उचलायला धरलं. ताई पंचवीस मिनिटं उभ्या होत्या. थंडी होती. त्यांनी आवाज चढवला नाही, थर्मास दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला होता. शेवटी तंबोऱ्यावर साथ करणारी मुलगी पाणी घ्यायला बाहेर आली आणि "अगं मावशी, तू इथे काय करतेस?" म्हणाली. ताई आत गेल्या तेव्हा आई रंगमंचावर जायला उठल्या होत्या. काढा घ्यायचा राहिला.

गाणं उत्तम झालं. आयोजकांपैकी कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. पण त्या रात्री घरी जाताना मला मेलबर्न आठवलं. तिथे खोटं नातं कागदावर अगदी बरोबर जुळलं होतं. इथे खऱ्या नात्याचा एकही कागद जुळत नव्हता, आणि आपल्याकडच्या बहुतेक लग्न झालेल्या मुलींचा कधी जुळणारही नाही. म्हणजे मी कागद आणखी काटेकोर बघितले असते तर फक्त ताईंचंच नुकसान वाढलं असतं. कागद हे विचारायचं ठिकाणच नव्हे. बाहेर उभा आहे त्याला 'सिद्ध कर' म्हणून काही साधत नाही, आत बसलेल्याला 'ही तुमची का?' म्हणून विचारावं लागतं.

पुढच्या वर्षीपासून आम्ही तीन गोष्टी बदलल्या. पहिली, कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी प्रत्येक कलाकाराकडे फोन करून 'बरोबर कोण येणार' हे विचारायचं, आणि त्यात 'घरचं कोण' हा प्रश्न मुद्दाम वेगळा घालायचा. तो वेगळा विचारला नाही तर लोक फक्त साथीदारांची नावं देतात. दुसरी मला सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक कलाकाराकडचा एक माणूस ठरवून घ्यायचा, शिष्य असो की ड्रायव्हर. साउंड चेकच्या वेळी तो मला येऊन भेटतो, मी त्याचा चेहरा बघते, त्याचा नंबर दारावरच्या कागदावर लिहिते. अडलं की फोन त्यालाच. तो दाराशी येऊन 'हो' म्हणाला तर बिल्ला लावायचा, नाहीतर नम्रपणे कार्यक्रमानंतर या म्हणायचं. कागद बघायचाच नाही. तिसरी अगदी साधी: दाराशेजारी दोन खुर्च्या आणि पाण्याची बाटली, कारण थांबवलेला माणूस खरा असण्याची शक्यता नेहमीच असते.

यामुळे सगळं सुटलं असं नाही. दारावर दोन नवी मुलं असली की ती अजूनही मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला घाबरतात. तंबोरा खांद्याला लावून आत शिरणाऱ्याला कुणी विचारत नाही, याची मला काळजी वाटते. नावाजलेल्या पाहुण्यांबरोबर मागून चार माणसं घुसतात आणि त्यांना अडवायचं म्हणजे पाहुण्यांनाही थांबवावं लागतं. तिथे मी अजून दरवेळी टिकत नाही.

त्या गायिका दोन वर्षांनी पुन्हा आमच्याकडे गायल्या. यादीत ताईंचं नाव होतं, त्यांच्याबरोबर आलेल्या दहा-बारा वर्षांच्या नातवाचं नव्हतं. मी नंबर लावला. शिष्या आतून येईपर्यंत ताई आपणहून खुर्चीवर बसल्या आणि नातवाला शेजारच्या खुर्चीवर बसवून थर्मास त्याच्या मांडीवर दिला. "नीट धर," म्हणाल्या, "सांडू नकोस."